मंगळवारी अकरा वाजता, समोरच्या दारात

कुमुदवहिनी गेल्याची बातमी मला हॉस्पिटलातून त्यांच्या मुलाने फोनवर दिली, आणि बाकी सगळ्यांना ती मी दिली. पुण्याला गौरीला, म्हणजे माझ्या मुलीला, मोबाइल लावला. ती अशी रडायला लागली, की मी फोन कानापासून जरा लांब धरला. सख्खी मोठी जाऊ गेलेली, पाणी माझ्याही डोळ्यांत होतं. पण तेवढ्यातही माझ्या मनात काय यावं? तर, ही माझ्यासाठी एवढी रडेल का... वहिनींवरचा हा लेख छापायला देताना याची लाज वाटायला हवी. पण वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "वसू, हेच लिही. थोर होत्या, प्रेमळ होत्या, ते बाकीचे लिहितील."

नाशिकला इंदिरानगरात एकाच मजल्यावर दोन भावांचे दोन फ्लॅट. दोन्ही दारांवर एकच आडनाव, आणि माझं दार जिन्याला लागून. वहिनी कॉलेजात इतिहास शिकवायच्या. बारावीचा निकाल लागला, की मुलं हातात गुणपत्रिका घेऊन जिना चढायची आणि बेल माझी वाजवायची. "मॅडम आहेत का?" मी कणकेचा हात तसाच वर करून म्हणायची, "समोर." नव्वदच्या दशकातले माझे सगळे उन्हाळे या एका शब्दात गेले. माझ्याकडे कुणी साधं पाणी मागितलं नाही, आणि समोरून मात्र तासभर हसण्याचे आवाज यायचे. मग मला एकदम आठवायचं, की वहिनींना शेंगदाण्याची चटणी द्यायची राहिलीच. वाटी घेऊन मी निघायची. आमचे हे म्हणायचे, "अगं, कालच दिलीस ना?" यांना चटणीतलं काही कळत नाही.

वहिनींच्या दारामागे एक घडीची लोखंडी खुर्ची टेकवलेली असे. शिकायचं काय, हे विचारायला कुणी आलं की तीच उघडायची. घरच्यांना सोफा. सोफ्यावर बसणाऱ्याला चहा मिळायचा. प्रश्न मिळायचा तो खुर्चीवरच्याला. प्रश्न वर्षानुवर्षं एकच. "तू चाळीस वर्षांची झालीयेस असं समज. मंगळवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत. तू कुठे असायला हवीस? वर्गात, उन्हात, कागदांत, की साहेबाच्या खुर्चीत?" पोरं गोंधळायची, लाजायची, आणि मग कधी न बोललेलं काहीतरी बोलून जायची. तिथून वहिनी उलट्या पावलांनी पदवीपर्यंत यायच्या. वर्गात म्हटलं तर बी.ए., एम.ए., बी.एड. आणि कॉलेजात शिकवायचं असेल तर पुढची परीक्षा. उन्हात, तर जोडीला भूगोल घे आणि पुरातत्त्वाकडे जा. कागदांत, तर पहिल्या वर्षापासून मोडी शीक, एखादी जुनी भाषा धर. साहेबाची खुर्ची हवी, तर राज्यशास्त्र सोडू नकोस आणि स्पर्धा परीक्षेला किती जण बसतात तेही ऐकून ठेव. वकिली, वर्तमानपत्र, संग्रहालय, प्रवासी कंपनी... इतिहासाला एवढी दारं असतील असं मला सोफ्यावरून कधी वाटलं नव्हतं. मी बी.कॉम. केलं, कारण आमच्या घरापासून चालत जाता येईल असं कॉलेज कॉमर्सचं होतं.

एवढ्यावर त्या सोडत नसत. ज्याला जे व्हायचं, ते काम करणाऱ्या माणसाकडे त्या त्याला दिवसभर पाठवायच्या. "कौतुकाचं काही बघू नकोस, ते कुणीही दाखवतं. त्या कामातला कंटाळा बघून ये." उन्हात काम करणार म्हणून आलेला मनमाडचा एक जण उत्खननाच्या जागी दिवसभर माती चाळून परत आला आणि तिसऱ्या दिवशी त्याने वकिली ठरवली. वहिनी खूश. माणूस वेळेत वाचला, म्हणाल्या.

मला हे सगळं ऐकायला फार आवडायचं, जोवर त्या खुर्चीवर दुसऱ्यांची मुलं होती तोवर. गौरीची बारावी झाली आणि एका सकाळी चटणी घेऊन गेले, तर खुर्चीवर गौरी. आपल्या घरातून चार पावलं चालून गेलेली पोर, आणि हातात गुणपत्रिका, परक्यासारखी! तिच्या बाबतीतला माझा आराखडा तयार होता. डी.एड., मग मनमाडला माझ्या भावाच्या घराजवळची शाळा, आणि दर रविवारी नाशिक. वहिनींनी तिला जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात पाठवलं. संध्याकाळी ती शिंकत, केसांत धूळ घेऊन परत आली, आणि आधी समोर गेली. मी माझ्या दारातून ऐकलं. "काकू, दिवसभर कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही. मला इतकं छान वाटलं!"

अठरा वर्षं मी या मुलीशी अखंड बोलत होते...

त्या रात्री मी जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे वेगळंच. दुसऱ्या दिवशी मी वाटी न घेता समोर गेले. त्यावरूनच वहिनींनी ओळखलं असणार. म्हटलं, "तुम्ही मुलीला इतिहास घ्यायला लावताय, पुढे नोकरी कोण देणार?"

वहिनी पेपर तपासत होत्या. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही, वसू. या कामात जागा थोड्या असतात, वाट बघावी लागते, हे तिला सांगितलंय. पण जो कंटाळा तिला गोड लागतो, तो आपल्याला सापडलाय. तो पुष्कळांना सापडत नाही."

"माझ्याकडे यायचं होतं तिने आधी."

"हो," त्या म्हणाल्या. "ते मात्र खरं आहे." आणि त्यांनी मला चहा केला. सोफ्यावर.

वाट बघावी लागलीच. बी.ए. झालं, एम.ए. झालं, मोडी झाली, मधली काही वर्षं मिळेल ते काम झालं. मी दर दिवाळीला मनमाडच्या शाळेची आठवण काढत होते. अखेर पुण्यात जुनी कागदपत्रं जपण्याच्या कामावर गौरीला घेतलं, तेव्हा तिने पहिला फोन समोर केला. वहिनी रिसीव्हर तसाच ठेवून, धापा टाकत मला बोलवायला आल्या. "चल, तुला सांगायचंय म्हणते." पण त्यांचा चेहराच सगळं सांगत होता. माझ्याच मुलीची बातमी मी दुसरीच्या चेहऱ्यावर वाचली आणि मग फोनवर आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं.

शेवटच्या दुखण्यात वहिनींना पथ्य होतं, चटणी बंद. मी मऊ भात घेऊन जायची. एकदा भरवता भरवता म्हणून गेले, "सगळ्या जगाला विचारलंत. मला कधी त्या खुर्चीवर बसवलं नाहीत."

त्या हसल्या. तोंडातला घास गिळायला त्यांना वेळ लागला. "तुला काय विचारायचं? मंगळवारी अकरा वाजता तू कुठे असतेस ते मला माहीत आहे की."

"कुठे?"

"माझ्या दारात. हातात वाटी, आणि खुर्चीत कोण बसलंय ते बघत." मग म्हणाल्या, "मी वाट बघायची गं. वाटी आल्याशिवाय मी कुणाला प्रश्न विचारत नसे."

मी भाताकडे बघत राहिले. खरंच होतं ते. मी प्रत्येक वेळी प्रश्नाच्या आधी पोचले होते. मी समजत होते, माझं टायमिंग चांगलं आहे.

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी बेल वाजली. हरसूलकडची मुलगी, बरोबर वडील, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. "मॅडम हायेत का?" माझं बोट आपोआप वर गेलं. "समोर." ती दोघं वळलीसुद्धा, बेलपर्यंत पोचली, आणि मग मला समजलं मी काय बोलले. किल्ली माझ्याकडेच असते. दार उघडलं. दारामागची खुर्ची काढली, तर बिजागरी कुरकुरली. मॅडम नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. वडील निघायच्या बेतात होते. मुलगी मात्र खुर्चीवर बसली होती. तिला मी तो प्रश्न विचारला, जसाच्या तसा, पाठच होता.

तिने बराच विचार केला. "बाई, चाळिशी लय लांब हाय," ती म्हणाली. "पण माझ्या आजीला जे येतं ते कुठंच लिवलेलं नाय. मला ते लिवायचंय."

वर्ग, ऊन, कागद, साहेबाची खुर्ची. यातलं कशातच ते बसेना. वहिनींनी काय सांगितलं असतं, मला माहीत नव्हतं. मी गौरीचा नंबर दिला आणि म्हटलं, "हिच्याकडे एक दिवस जा. तिच्या कामातला कंटाळा बघून ये."

संध्याकाळी गौरीचा फोन आला. "आई, त्या मुलीने फोनवर सगळं सांगितलं. तू अगदी काकूसारखं बोललीस." मला आनंद झाला. आणि थोडा रागही आला; काकूसारखंच का म्हणून?

वहिनींच्या मुलाने फ्लॅट अजून ठेवलाय. हे म्हणतात, ती खुर्ची आपल्याकडे आणून ठेव, उगाच किल्ल्या घेऊन फेऱ्या कशाला? मी आणलेली नाही. बेल वाजते, मी समोर बोट दाखवते. मग गॅस बंद करून, चटणीची वाटी आणि किल्ली घेऊन त्यांच्या मागोमाग जाते.