पाण्यात बुडणारं तेल

पवारमामा कुणालाही एकच प्रश्न तीनदा विचारत. एकदा दारात, एकदा कॉफी पिताना आणि एकदा पाहुणा चपला घालत असताना. तिन्ही उत्तरं जुळली तरच त्यांचा विश्वास बसे, आणि तोही पुरता नाही. ही सवय त्यांना नोकरीत लागली होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रिफायनरीत जहाजातून कच्चं तेल येई. मामा तिथल्या प्रयोगशाळेत होते. टाकीच्या वरून, मधून आणि तळातून वेगवेगळा नमुना काढायचा, मगच तेल कसं आहे ते लिहायचं, असा तिथला नियम. "वरचं बघून टाकी कळत नाही, गोत्ता, कळलं?" ते म्हणत. "मग माणूस कसा कळेल?"

निवृत्त झाल्यावर ते म्हैसूरला परतले आणि जयलक्ष्मीपुरममध्ये आमच्या शेजारी राहू लागले. एकटेच होते. दूध आलं की काचेच्या ग्लासात ओतून उजेडाकडे धरत. मला लहान पोरीसारखं पुट्टी म्हणत. "पुट्टी, तू बोलत नाहीस म्हणजे काहीतरी लपवतेस." मी लपवत होतेच. मला ते आवडत नसत. माझ्या नंदिनीताईसाठी त्यांनी आपल्या भाच्याचं स्थळ सुचवलं होतं. ताईने नको म्हटल्यावर "आयतु, बरं, सोडा" म्हणून ते मोकळे झाले. इतक्या सहज कुणी सोडतं का, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

त्यानंतर बन्नूरच्या मंजुनाथ शिंदेचं स्थळ आलं. परदेशात तेलाच्या विहिरीवर नोकरी, सुट्टीवर घरी आलेला. आमचे अप्पा भोळे, म्हणून त्यांनी मुलाला पारखायला मामांना बोलावलं.

"कसलं तेल काढता?" मामांनी दारातच विचारलं.

"हेवी क्रूड, अंकल. डांबरासारखं. वाफेने गरम केल्याशिवाय हलत नाही."

"पाण्यात टाकलं तर?"

"बुडतं."

कॉफी पिताना मामांनी पुन्हा विचारलं. बुडतं. ताई आणि मंजुनाथ मागच्या पायऱ्यांवर बोलून आले. ताई हसत होती. निघताना मामांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मंजुनाथही हसला. "अंकल, अजून तरंगायला लागलं नाही."

फाटक लागल्याबरोबर मामा म्हणाले, "पोरगा खोटं बोलतो. सगळी नोकरी तेलात गेली माझी. हेवी म्हणजे दुसऱ्या तेलांपेक्षा जड, पाण्यापेक्षा नाही. सगळं तरंगतं. हा विहिरीवर नव्हता. सुम्ने, उगाच कुठेतरी ऐकून बोलतो."

अप्पांनी नकार कळवला. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे कारणही सांगून टाकलं. मामा आले की ताई उठून आत जाऊ लागली, आणि तिचं ताट अर्धं परत येऊ लागलं.

माझ्या डोक्यात तो भाचा घोळत होता. शेवटी मी मामांकडे गेले आणि हेवी म्हणजे नेमकं किती जड, असं विचारलं.

"कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही."

तरी ते खुश झाले. खडूने ओट्यावर उभी रेघ ओढली. "आमची मोजणी उलटी. आकडा लहान, तेवढं तेल जड. इथे पस्तीस, हे हलकं. बावीसच्या खाली गेलं की हेवी म्हणायचं. आणि पाणी इथे, दहावर."

"मग दहाच्या खाली काय?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग रेघेच्या खालच्या टोकाकडे.

"पुस्तकात असतं तसलं, बुडणारं तेल," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे कधी आलं नाही." थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं, "येणार कसं? जहाजात भरायच्या आधी त्यात पातळ तेल मिसळतात. नाहीतर पाइपातून वाहणार कसं? मी पाहिलं ते मिसळलेलं. हा पोरगा विहिरीच्या तोंडाशी उभा होता. अय्यो!"

खडू त्यांच्या हातातच राहिला. "बन्नूरची बस कुठे थांबते?"

आता हे तिथे जाऊन सारवासारव करतील, अशी मला भीती. म्हणून मीही बसमध्ये चढले.

शिंद्यांच्या अंगणात कुणी आम्हाला बसा म्हटलं नाही. मंजुनाथचे वडील म्हणाले, "खोटारडा ठरवलंत ना आमच्या पोराला? आता काय राहिलं?"

"चूक माझी," मामा उभ्यानेच म्हणाले. "तुमचा मुलगा खरं बोलला. मी पाहिलं नाही ते जगात नाहीच, असं धरून चाललो. नंदिनीच्या अप्पांचे कान मीच भरले. राग माझ्यावर काढा, त्या पोरीवर नको."

"आणि लग्नानंतर परत शंका आली तर?" आतून मंजुनाथची आई.

"येणार, अम्मा. स्वभाव आहे. पण तेव्हा तोंड बंद ठेवीन."

मंजुनाथ उसातून आला होता, पाय चिखलाने भरलेले. त्याने मामांना काही विचारलं नाही. मला विचारलं, "नंदिनीलाही मी खोटा वाटलो?"

मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. तरी बोलले. "नाही. ती मामा दिसले की आत जाते. जेवतही नाही धड."

त्याने आईकडे पाहिलं, नळावर पाय धुतले आणि शर्ट बदलून आमच्याबरोबर निघाला. बसमध्ये मामा त्याच्या शेजारी बसले. विहिरीत वाफ कशी सोडतात, ती किती दिवस मुरू देतात, ते तो सांगत होता. मामा मान खाली घालून ऐकत होते. आमच्या फाटकापाशी मात्र ते थांबले. "तुम्ही जा. मी आलो तर पोरगी दार लावून घेईल." भाच्याचं लग्न तर केव्हाच दुसरीकडे ठरलं होतं, हे मला नंतर अप्पांकडून कळलं.

ताईचं लग्न झालं. मांडवात ती मामांच्या पाया पडली, पण त्यांच्याकडे न बघता. परदेशातून फोन करायची, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांची चौकशी करायची, त्यांची सोडून.

मामा वारले, तेव्हा मीच कळवलं. मंजुनाथला वाईट वाटलं. "त्यांना एकदा इकडे आणायचं होतं," तो म्हणाला. "डोळ्यांनी दाखवलं असतं."

ताईने फोन घेतला.

"आले असते ना," ती म्हणाली, "तर बुडवून बघायला पाणी म्हैसूरहून घेऊन आले असते. इकडच्या पाण्यावर कुठला बसायला त्यांचा विश्वास!"

ती हसली, आणि हसता हसता रडू लागली. लग्न जवळजवळ मोडलं त्या दिवसानंतर मामांबद्दल तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलंच वाक्य.