पहिल्या नंबरच्या रेकॉर्डीला कुंकू

दसऱ्याला लोक हत्यारं पुजत, आमचे बडनेऱ्याचे शेजारी गाण्यांच्या रेकॉर्डी पुजत. ते स्टेशनवर तिकीटबाबू होते. वर्षभरात मुंबईहून मागवलेल्या, काळ्या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्डी ते त्या दिवशी आम्हाला ऐकवत, छाती फुगवून नंबर देत आणि पहिलीच्या कव्हरला कुंकू लावत. इंग्रजी त्यांना तिकिटापुरतंच येई. एकदा पहिल्या नंबरच्या गाण्याचा अर्थ सांगायला मी, हायस्कुलातला इंग्रजीचा मास्तर, सरसावलो.

"सांगू नोका, मास्तर," ते म्हणाले. "ते बाई मायले हाक मारून राह्यली. मले समजते."

"बरोबर," मी पेपर तपासल्यासारखं म्हणालो. तीनदा ऐकूनही माझ्या हाती 'मदर' एवढाच शब्द लागला होता.