बेसिनखालचं संशोधन

विज्ञानाला जात नसते. दोन हजारनंतरची ती वर्षं. चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत हे वाक्य भिंतीवर रंगवलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली बेसिन. बेसिन माझं.

संशोधक म्हणून रुजू झालो त्या दिवशी सरांनी विचारलं, "बाप काय करतो?"

"तळ्यात मासे धरतो."

"ढिवराचा ना? मग पाण्यात हात घालायला लाज कशाची? भांडी घे."

बाकीचे तिघे संशोधक हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

आम्ही ऊन शोषणारा पॉलिमर बनवत होतो. प्लास्टिकच्या पट्टीवर रंगासारखा पसरायचा, की कागदासारखा वाकणारा सौर सेल तयार. ते तिघे करंट मोजत. मी काचेची भांडी घासायचो आणि कच्चा पॉलिमर गरम मिथेनॉलनं धुवायचो. वासानं डोकं उठायचं, म्हणून ते काम माझं.

सरांचा नियम होता, एक दिवस धुवा. मी तीन दिवस धुवायचो. जाळं धुताना बाप सांगायचा, "पानी साफ निंगेस्तोवर सोडू नोको. नाई तं वासानं उंदरं येतेत, जाळं कातरतेत." मिथेनॉल रंगीत निघत होतं तोवर मी सोडलं नाही. किती दिवस धुतलं, रोज रंग कसा निघाला, हे फक्त माझ्या वहीत होतं.

त्या पॉलिमरचे सेल आधीच्यापेक्षा जास्त करंट देऊ लागले. सर पाहुण्यांसमोर रेणूच्या रचनेवर तासभर बोलले. रेणू तोच होता. घाण गेली होती.

मग शोधनिबंधाचा मसुदा आला. लेखक चार: सर आणि ते तिघे. शेवटी आभार: भांडी स्वच्छ ठेवल्याबद्दल माझे.

"तुझंही नाव टाकलं बरं का," सर म्हणाले.

"नाई सर."

"काय नाई?"

"लेखकांत टाका. नाही तर वही मिळणार नाही. आणि भांडी आपापली घासा."

"हा माज कुठून आला रे?"

"बेसिनवरून."

कोणी हसलं नाही. मीही नाही.

वही मी घरी नेली आणि बेसिनला हात लावणं सोडलं. माझं नाव वर येईपर्यंत वहीतली एकही ओळ कोणाला मिळणार नाही. आणि 'ढिवराचा ना?' असं पुन्हा कोणी विचारलं, तर त्याला तिथंच उत्तर मिळेल.

चौथ्या दिवशी त्या रंगवलेल्या वाक्याखाली सरांच्या सहीची सूचना लागली: बेसिनमध्ये न धुतलेली भांडी ठेवू नयेत.