तक्रारी: निरंक

ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये नऊ दिवस होती. रोज सकाळी ठरवायचे की आज हिचा सोक्षमोक्ष लावायचा, आणि रोज संध्याकाळी ती तशीच माझ्याबरोबर घरी यायची. पर्सची चेन उघड, चिठ्ठी आहे का बघ, चेन लाव. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला वाटलं असेल, हिचं काहीतरी हरवलंय.

मी नाशिकला महापालिकेच्या शाळेत शिकवते, सातपूरच्या बाजूला. आठवीपर्यंतची शाळा. गणित आणि नागरिकशास्त्र माझ्याकडे, शिवाय जी कामं कुणालाच नको असतात तीही माझ्याकडे. तक्रारपेटी त्यातलीच. मुलांनी आपली तक्रार न घाबरता, नाव न लिहिता त्या पेटीत टाकायची आणि पेटी मुख्याध्यापक, पालक आणि मुलांचा प्रतिनिधी यांच्यासमोर उघडायची, असा नियम. व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशेजारी ती लटकवलेली आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये.

आता खरं सांगते. समितीसमोर उघडायच्या आधी आम्ही ती एकदा गुपचूप उघडून घेतो. हेतू वाईट नसतो. मुलं तिच्यात काय वाट्टेल ते टाकतात. चॉकलेटचे कागद, चिंचोके, एकदा तर जिवंत नाकतोडा निघाला होता. पालकांसमोर नाकतोडा उडाला तर शोभा होते. म्हणून बैठकीच्या आधी पेटी झाडून ठेवायची. माझ्या आधीच्या बाईंनी मला हे शिकवलं आणि मी ते इमानेइतबारे करत आले.

त्या जानेवारीत पेटी झाडताना कागद-कपट्यांत चौकटीच्या वहीचं एक पान निघालं. नीट चार घड्या घातलेलं. त्यावर लिहिलं होतं:

‘बाई, तिसऱ्या तासाला कप धुवायला पाठवू नका. गणित बुडतं. अवयव पाडायचे मला अजून येत नाहीत. बाकी तक्रार नाही.’

नाव नव्हतं, पण ते अक्षर मी तीन वर्षं तपासत होते. आठवीतली माझी सगळ्यात हुशार मुलगी. आईवडील पेठ तालुक्यातून कामासाठी आलेले, वडील कारखान्यात, आई चार घरची धुणीभांडी करणारी. फेब्रुवारीत तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि तिला तिथे बसवणारी मीच.

आमच्याकडे मधल्या छोट्या सुट्टीत शिक्षकांचा चहा होतो. गेटबाहेरच्या टपरीवरून मुलगे किटली आणतात आणि सुट्टी संपली की मोठ्या वर्गातल्या दोन मुली कप धुतात. असं किती वर्षं चाललंय कुणाला माहीत नाही आणि विचारायचं कुणाला सुचलंही नाही. पंधरावीस मिनिटं सहज जातात, कारण नळाला धार बारीक. तो तास असतो माझ्या गणिताचा. आठवीतून मी नेहमी तिलाच पाठवायचे. का, तर ती हुशार. कच्च्या मुलीचा तास बुडाला तर तिला पुन्हा शिकवावं लागतं, हुशार मुलगी आपलं आपण भरून काढते. हा माझा हिशेब. कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा, हेच उत्तर मिळेल.

चिठ्ठी वाचल्यावर मला आधी लाज वाटली असं लिहायला आवडलं असतं. मला राग आला. सणसणीत. परीक्षेचा फॉर्म मी भरला, सरावाचं पुस्तक मी आणून दिलं, आणि ही माझ्याच पेटीत माझीच तक्रार टाकते! सिन्नरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत बाईंचा कप धुवायला मिळणं म्हणजे मान होता. त्यावरून आम्ही मैत्रिणी भांडलोय. मीच तर वर्गात दोन तक्ते लावले होते, एक ‘विद्यार्थ्यांचे हक्क’, दुसरा ‘विद्यार्थ्यांची कर्तव्ये’. कर्तव्यांचा तक्ता हक्कांच्या दुप्पट लांब झाला होता आणि त्यात पाचव्या क्रमांकावर ‘श्रमप्रतिष्ठा’ होती. मी मनातल्या मनात तिला तो तक्ता वाचून दाखवत होते.

राग दोन दिवसांत उतरला. नंतर जे सुरू झालं ते रागापेक्षा वाईट होतं. चिठ्ठी पेटीत परत टाकावी, तर समितीसमोर माझंच नाव निघणार. फाडून टाकावी, तर हात होईना. तिला पाठवायचं बंद करावं हे तर सगळ्यात सोपं, पण मग तिला लगेच कळलं असतं की चिठ्ठी माझ्या हातात पडलीय. म्हणून मी काय केलं? तिला पाठवत राहिले. मुद्दाम. चिठ्ठी वाचलेली आहे हे लपवण्यासाठी मी त्या मुलीचे आणखी सहा तास बुडवले. फळ्यावर अवयव पाडताना माझं लक्ष दाराकडे असायचं. ती ओले हात फ्रॉकला पुसत आत यायची, फळ्यावरचं अर्धं गणित उतरवून घ्यायची आणि वरच्या अर्ध्यासाठी शेजारणीच्या वहीत डोकावायची. मी खडू खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. एकदा उत्तरच चुकलं. तिनेच दाखवून दिलं.

शनिवारी बैठक झाली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एक सर, पालकांतर्फे रिक्षा चालवणारे एक गृहस्थ, मी आणि मुलांची प्रतिनिधी. प्रतिनिधी तीच. वर्गाने तिला निवडून दिलं होतं.

मी पेटी टेबलावर ठेवली, कुलूप काढलं आणि झाकण उघडलं. पेटी स्वच्छ होती.

“आमच्या पोरांना कसली आलीय तक्रार?” रिक्षावाले म्हणाले. “लय चांगली शाळा हाय.”

ती खुर्चीतून अर्धी उठली. “बाई, परत एकदा बघा ना. खाली अडकली असेल.”

“काय अडकलं असेल?” मोठ्या बाईंनी विचारलं.

ती परत खुर्चीत बसली. मी पेटी उलटी करून दाखवली. तळावर दोनदा थापही मारली. तेवढं करायची काही गरज नव्हती.

मोठ्या बाईंनी रजिस्टरात लिहिलं, ‘प्राप्त तक्रारी: निरंक.’ सरकारी भाषेत एकही नाही याला हा शब्द. सगळ्यांनी सह्या केल्या. रजिस्टर तिच्यापुढे आलं तेव्हा तिने ती ओळ वाचली, रिकाम्या पेटीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. “कर सही,” मी म्हटलं. “प्रतिनिधीची जबाबदारी असते ती.” हे माझ्या तोंडून निघालेलं वाक्य. तिने सही केली, शाळेतली मुलं करतात तशी, पूर्ण नाव लिहून.

चहा झाला. सर आणि रिक्षावाले गेले, मोठ्या बाईंना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. रजिस्टर उघडंच राहिलं. कुणी काही न सांगता ती उठली आणि कप ट्रेमध्ये गोळा करायला लागली. एकात एक घातले, बशा खाली. सवयीचे हात.

मला ते बघवेना. मी उठले आणि तिच्या हातातून ट्रे घेतला.

“राहू द्या बाई, मी धुते.”

“नको. मी धुते.”

नळापाशी जाऊन मी कप विसळायला लागले. किती वर्षांनी. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. धार बारीक, कपातली साय निघत नव्हती. तिसऱ्या कपाला ती म्हणाली,

“बाई, तुम्हाला मिळाली होती.”

तिने विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं. मी इतके दिवस जे लपवलं ते एका ट्रेने उघडं पाडलं होतं.

“हो,” मी म्हटलं.

“मग मी सही का केली?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. गणितातली पायरी कळली नाही की ती जशी विचारायची तसंच तिने विचारलं. मला रडू यायला लागलं आणि स्वतःचाच राग आला, कारण आता रडले असते तर तिला माझीच समजूत काढावी लागली असती. मी कप तसेच टाकले आणि खोलीत परत आले. पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. म्हणून सह्यांच्या खाली नवी ओळ लिहिली: ‘दुरुस्ती: प्राप्त तक्रार एक.’

रजिस्टर तिच्याकडे वळवलं. “आता कर सही.”

तिने वाचलं. पेन उचललं नाही. “तक्रार कशाची, ते नाही लिहिलं.”

मी लिहिलं: ‘गणिताच्या तासाला मुलींना शिक्षकांचे कप धुवायला पाठवणे.’ मोठ्या बाई कधीही आत येतील म्हणून माझं अक्षर वाकडं येत होतं. त्या काय म्हणतील, स्टाफरूममध्ये काय होईल, सगळं एकदम डोक्यात घुमत होतं.

तिने पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. बाहेर मोठ्या बाईंचा आवाज जवळ येत होता. मी म्हटलं, “झालं ना आता?”

“ती पेटीतून कुणी काढली, ते राहिलं,” ती म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी माझं नाव लिहिलं, पूर्ण. मग तिने सही केली.