टाकोच्या दुकानांची वाटणी

माझ्या दोन्ही भावांनी मला एकच काम सांगितलंय: दुकानाचा इतिहास लिहून दे. थोरल्याला तो त्याच्या दुकानाच्या भिंतीवर लावायचाय, धाकट्याला त्याच्या. दुकानाचं नाव दोघांचं एक, पाटीचा हिरवा-लाल रंग एक, आणि इतिहास मात्र दोघांना वेगवेगळा पाहिजे. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. पोरांना निबंधाला बसवते तेव्हा फळ्यावर मुद्दे लिहून देते. इथं मलाच कोणी मुद्दे देईल का, असं झालंय. सुरुवात कोणी केली, या पहिल्याच प्रश्नाशी माझं घोडं अडतं.

आमची दुकानं चार. हिंगोलीत एक, औंढ्याला एक, सेनगावला एक आणि शेवटचं गोरेगावला. चारही ठिकाणी विकतात ते मेक्सिकन खाणं. आमच्या घरातलं कोणी मेक्सिकोला गेलेलं नाही, तिथला माणूस कोणी पाहिलेला नाही. नकाशात तो देश कुठं आहे हे थोरल्याला मी दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "एवढा लांब? मग माल खराब व्हत न्हाई का?" त्याला वाटत होतं, काहीतरी तिकडून येतं. आपल्याच दुकानात काय तिकडचं आणि काय इकडचं, हे त्याला कधी नीट कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

झालं असं, की धाकटा पुण्याला एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तिथं मेक्सिकन पदार्थ करायचे. ते सोडून तो एक दिवस गावी आला तो लोखंडाचं एक जड यंत्र पिशवीत घालून. थोरल्याचा तेव्हा हिंगोलीत भज्यांचा गाडा होता. त्यानं ते यंत्र उलटंपालटं करून पाहिलं.

"हे काय व्हय?"

"यात पिठाचा गोळा ठेवायचा आन् दाबायचं. गोल भाकर तयार."

"काहून? हाताला काय झालं?"

मी तिथंच उभी होते, पोट धरून हसले. धाकटा चिडला. पण दुसऱ्या दिवशी गाड्याच्या एका कडेला त्यानं आपलं दुकान मांडलंच. मक्याच्या पिठाची पातळ भाकर, दुमडून कडक केलेली, आत राजमा, कांदा, टमाटा. पहिलंच गिऱ्हाईक बाजाराला आलेला एक शेतकरी. त्यानं विचारलं, कशाची आहे? धाकटा मोठ्या तोऱ्यात म्हणाला, मक्याची. "मका व्हय? मका तर आमी म्हशीला घालतो," म्हणून तो गडी भजी घेऊन चालता झाला. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं.

दिवसभर असंच. संध्याकाळी थोरल्यानं न बोलता ज्वारीचं पीठ काढलं आणि मक्यात मिसळलं. "दादा, टाको मक्याचाच असतो!" धाकटा ओरडला. "असंल तिकडं. हितं लोक ज्वारी खातात." राजमा कोणाला आवडेना, तर तिथं चवळी आली. धाकट्यानं बाटलीतलं काहीतरी आंबट आणलं होतं, ते थोरल्यानं बाजूला सारलं. टमाटे तव्यावर काळे होईस्तोवर भाजले, वाळक्या लाल मिरच्या, लसूण, थोडं जवस घालून पाट्यावर वाटलं. तो लाल ठेचा भाकरीत पडला आणि लोक गाड्याभोवती गोळा व्हायला लागले.

आता सांगा, सुरुवात कोणाची? गाडा थोरल्याचा, कल्पना धाकट्याची, पीठ थोरल्याचं, घडी धाकट्याची. ज्वारीचा पहिला टाको मी खाल्ला होता, एवढं पक्कं आठवतं. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तो माझ्या हातात दिला कोणी? कधी मला वाटतं धाकट्यानं, "आक्का, खाऊन बघ" असं म्हणून. कधी वाटतं थोरल्यानं, काहीच न बोलता. दोन्ही चित्रं माझ्या डोळ्यांपुढं सारखीच स्वच्छ आहेत. एक खोटं असणारच, पण कोणतं ते कळत नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. कॉलेजची पोरं यायला लागली. गाड्याचं दुकान झालं, मग औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर दुसरं निघालं. तिथं श्रावणात गिऱ्हाईक फिरकेना, कारण जो तो उपवासाचा. तर या दोघांनी काय करावं? उपवासाचा टाको काढला! राजगिऱ्याची भाकर, आत बटाटा, दाण्याचा कूट, हिरवी मिरची. सोमवारी दर्शन करून आलेल्या बाया रांगेत उभ्या राहून तो नेत. मी कपाळाला हात लावला. "अरे, मेक्सिकोत श्रावण पाळतात का?" धाकटा म्हणाला, "आक्का, तू लई विचार करून राहिलीस." सिद्धेश्वरचं धरण पाहायला जाणारे लोकही बांधून न्यायला लागले. मग सेनगाव. आणि मग गोरेगाव, जिथं जिपांची वाट पाहणारे लोक उभ्या उभ्या खात.

गोरेगावनंच घात केला. उद्घाटनाला धाकट्यानं मोठी पाटी करून आणली. पाटीवर त्याचाच फोटो, डोक्यावर सुपाएवढी टोपी, खाली ठळक अक्षरांत "संस्थापक". थोरला पाटीकडं पाहत उभा राहिला. त्यानं नारळ फोडला, पेढे वाटले, पाहुण्यांशी हसून बोलला. घरी आल्यावर म्हणाला, "तव्यावर हात भाजले माझे, आन् टोपी घातली त्यानं." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं, अशी जाऊन जाऊन थकले. शेवटी थोरला म्हणाला, वाटणी करू.

आई-बाप जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर माझं माहेर म्हणजे हे दोघं. आणि वाटणी म्हटलं की आमच्याकडं दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, थोरल्यानं वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे मांडणारा लबाडी करत नाही. दुसरी, वाटणीत बहीणही धरायची. तिला काही मिळतं म्हणून नव्हे, जमिनीवरचा हक्क तर मी कधीच सही करून सोडलाय. पण तिचं येणंजाणं, दिवाळीची साडीचोळी, तिच्या लेकरांच्या लग्नातला आहेर हे कोणाकडं, तेही एका वाट्यात घालतात. शेताच्या वाटणीत मी हे लहानपणी आत्यांचं होताना पाहिलं होतं. दुकानांच्या वाटणीत माझं होईल, हे डोक्यात आलंच नव्हतं.

हिंगोलीच्या दुकानात दुपार कलल्यावर शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. मामाला बोलावलं होतं, कारण मामाशिवाय वाटणी होत नाही. थोरल्यानं टेबलावर दुकानातले दोन लाल ट्रे ठेवले. एकात हिंगोली आणि औंढ्याच्या किल्ल्या, दुसऱ्यात सेनगाव आणि गोरेगावच्या. इथवर ठीक. मग त्यानं ते लोखंडी यंत्र आणून पहिल्या ट्रेत ठेवलं आणि ठेच्याची बरणी दुसऱ्यात.

"हे काय करून राहिलास?" मी म्हटलं. "भाकर एकाकडं आन् चटणी एकाकडं?"

"वाटे बराबर झाले पाह्यजेत," थोरला म्हणाला. मामानंही मान हलवली. बैलजोडीतला एक बैल इकडं, एक तिकडं, असं त्यानं आयुष्यभर पाहिलेलं. चार दुकानं चालतात ती भाकर आणि चटणी एकत्र आहेत म्हणून, हे या शहाण्यांना कोण सांगणार? मी तोंड वाजवलं, पण बाईमाणसाचं वाटणीत ऐकतंय कोण.

आणि मग थोरल्यानं खिशातून एक हिरवा खण काढला, त्यावर सुपारी ठेवली, आणि बरणीच्या बाजूला दुसऱ्या ट्रेत ठेवला. तो खण म्हणजे मी. मी धाकट्याकडं पाहिलं. याला मी कडेवर वागवलाय, याचा शेंबूड पुसलाय, आई गेली त्या दिवशी हा माझ्या पदराला धरून झोपला होता. त्यानं एकदा या ट्रेकडं पाहिलं, एकदा त्या. मग त्यानं खाली मान घालून पहिला ट्रे उचलला. यंत्राचा.

खण तिथंच राहिला. मामा म्हणाला, "बाई, आता तुझं माहेर थोरल्याकडं." झालं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. त्यानं यंत्र घेतलं, की मला टाळलं? हिंगोलीचं दुकान चांगलं चालतं म्हणून घेतलं असेल. यंत्र त्याचं स्वतःचं, पुण्याहून आणलेलं, म्हणून घेतलं असेल. मग मला राग का येतो? एक दिवस वाटतं, मी उगाच मनाला लावून घेतेय. दुसऱ्या दिवशी वाटतं, एवढं केलं त्याचं आणि त्यानं मला टेबलावर सोडून दिलं. थोरल्याला विचारलं, "मला त्याच ट्रेत काहून ठेवलं?" तर म्हणे, "कुठंतरी ठेवावंच लागतं ना." हे काय उत्तर झालं? मला तो आपल्याकडं ठेवू पाहत होता, की मी हलक्या वाट्याला घातलेलं वजन होते? त्या माणसाच्या तोंडून जास्तीचा शब्द काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं.

दुकानांचंही तसंच झालं. धाकट्याकडं भाकर आहे, ठेचा नाही. तो बाटलीतलं गोड टमाट्याचं सॉस ओततो. थोरल्याकडं ठेचा आहे, तर तो चपातीत गुंडाळून देतो. ठेचा वाटायला काही कायदा आडवा येत नाही, पण दुसऱ्याच्या वाट्याचं करायचं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर नांगर घालणं, असं दोघं मानतात. लोक मला रस्त्यात धरतात. "बाई, तुमच्या हिंगोलीच्या दुकानात चव न्हाई राहिली," "बाई, गोरेगावला पोळी-भाजी देऊन राहिले." मी काय सांगू? पाटी एकच आहे, एवढंच मलाही कळतं.

धाकट्याचं दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. पूर्वी तो लांबूनच हाक मारायचा, "आक्का, खाऊन जा!" आता मी दिसले की आत वळतो. मीही मग पलीकडच्या कडेनं जाते. माझ्याच गावात, माझ्याच भावाच्या दुकानापुढून, चोरासारखी. घरी येऊन भांडी आपटते. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "विचार ना त्याला सरळ." विचारून तो "व्हय" म्हणाला तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं, असं म्हणून मी गप्प राहत गेले.

या भाऊबीजेला थोरला सकाळीच आला. वाट्यात ठरल्याप्रमाणे साडी आणली, पाटावर बसला, ओवाळून घेतलं. मी जेवायला वाढत होते तेवढ्यात फोन वाजला. धाकटा.

"आक्का, दादाची गाडी दिसून राहिली तुझ्या दारात."

"मग?"

"मी नंतर येतो."

"नंतर म्हणजे कधी? कुठं आहेस तू?"

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी होता. माझं डोकं सणकलं. ओवाळायचं ताट तसंच उचललं, निरांजनाला हाताचा आडोसा केला आणि रस्त्यानं निघाले. शेजारणी बघत होत्या, बघू दे. तो मोटारसायकलवरच बसलेला, हँडलला एक पिशवी अडकवलेली. मला पाहून गडबडून उतरला. "डोक्यावर रुमाल टाक," मी म्हटलं, आणि भररस्त्यात त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. ताट खाली घेतलं आणि विचारलंच.

"माझा वाटा काहून उचलला न्हाईस?"

"आक्का, तूच तर तिकडं गेलीस."

"कुठं गेले?"

"दादानं खण ठेवला, आन् तू खुर्चीवरून उठलीस. त्या ट्रेच्या मागं जाऊन दादाच्या बाजूला बसलीस. मला वाटलं, तुला तिकडंच पाह्यजे. मग मी कसा उचलू?"

मी उठले होते? आठवत आठवत आठवलं. व्हय, उठले होते. "अरे वेड्या, शटरखालून ऊन येऊन राहिलं होतं माझ्या तोंडावर! डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली म्हणून सरकले रे मी!"

आम्ही दोघं त्या किराणा दुकानापुढं तसेच उभे. तिकडून थोरला दारात येऊन हाक मारत होता, "बाई, जेवण गार होऊन राहिलं!" माझे डोळे भरून आले होते, निरांजन धड दिसत नव्हतं.

मग धाकट्यानं हँडलची पिशवी सोडली. आत साडी होती. ती ताटात ठेवायला त्यानं हात पुढं केला आणि मध्येच थांबला. थोरल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आक्का," त्यानं हळूच विचारलं, "ही मी देऊ शकतो ना?"