मागच्या डाव्या बाजूची कुरकुर

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सुतार. मी पाइपफिटर. लाकूड आणि लोखंड एका घरात आलं की जे व्हायचं, ते आमच्यात लग्नापासून चालू आहे. ते म्हणतात, "लोखंडाला काय अक्कल लागते? ठोकलं की बसतं." मी म्हणतो, "बसतं आणि गप्प बसतं. तुमचं लाकूड म्हातारं झालं तरी बडबडतच असतं." त्यावर ताई म्हणते, "ज्याच्या हाताला जे लागलं, तोंडाला तेच लागलं."

दाजींना कुठेही न्या, ते आधी खाली बघतात. डॉक्टर त्यांची नाडी बघत असतो, तेव्हा हे डॉक्टरच्या टेबलाचा पाय बघत असतात. चहाच्या दुकानात टेबल डुगडुगलं तर पायाखाली कागदाची घडी सारतात आणि मगच कप उचलतात. आमच्याकडे आले की दार दोनदा उघडून मिटून बघतात. कसा आहेस हे त्यानंतर.

त्यांनी कपाटं केली, जिने केले, खिडक्या तर गावभर केल्या. पण नाव घ्यावं असं मोठं काम एकच. संगीताच्या सभागृहातल्या रंगमंचाची लाकडी जमीन. खाली वासे, वर फळ्या. फळीत फळी खाचेने बसवलेली, वरून एक खिळा दिसणार नाही. प्रत्येक फळी त्यांनी स्वतः उचलून, ठोकून, ऐकून घेतली. ओली वाटली की परत. इतकी परत पाठवली की वखारवाला त्यांना बघून शटर ओढायचा.

जमीन झाली, आणि तिथल्या पहिल्याच कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालं. चौघांचं तंतुवाद्यांचं वादन. कारागिरांनाही सहकुटुंब बोलावलं होतं. ताई खुर्चीत बसली. दाजी बसले नाहीत. शेवटच्या रांगेमागे दाराशी उभे राहिले. जमीन ऐकायची तर उभ्याने, असं त्यांचं म्हणणं. काही महिन्यांनी त्या कार्यक्रमाची डिस्क निघाली. भारी आवाजाची, वेगळ्या प्लेअरवर पूर्ण वाजणारी. कारागिरांना एकेक प्रत भेट मिळाली.

दाजींनी हौसेने प्लेअर घेतला आणि सगळ्यांना बसवून डिस्क लावली. तिसऱ्या भागात ते चौघे वाजवत वाजवत इतके हळू होतात की आपणही श्वास आवरतो. नेमकं तिथे आवाज आला. कुर्र. एकदाच.

दाजींनी प्लेअर बंद केला. "फळी बोलली," म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात जाऊन, परवानगी काढून, त्यांनी नुसत्या पायमोज्यांवर सगळा रंगमंच चालून काढला. एक फळी बोलली नाही. पण लाकडाचं काय सांगावं? दिव्यांची ऊब, चार माणसांचं वजन, हवेतली ओल. त्या संध्याकाळी बोलली असेल आणि परत गप्प झाली असेल. दोष सिद्ध झाला नाही आणि सुटकाही झाली नाही. त्यानंतर दाजींनी जमिनीचं काम घेतलं नाही. माझ्या वरच्या खोलीची फरशी बर्फासारखी गार असते, पावलं आखडतात. किती वेळा म्हटलं, "दाजी, वर फळ्या टाकून द्या." उत्तर ठरलेलं. "कपाट सांग, पलंग सांग. जमीन सांगू नकोस."

ती डिस्क कपाटात गेली. पण दाजींना नवा नाद लागला. सभागृहात मुद्रित झालेल्या तसल्या डिस्क ते जमवू लागले. लोक गाणं ऐकतात, हे पायाखालचं ऐकायचे. डोळे मिटून बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "इथे फळी जाड आहे." किंवा, "वासे लांब लांब टाकलेत, चोरी केली आहे." ताई म्हणायची, "पंक्तीला बसतात आणि जेवण सोडून पाट तपासतात."

हे असंच चाललं असतं. मग सभागृहाची दुरुस्ती निघाली. जुना रंगमंच उखडला. दाजी बघायला गेले तेव्हा फळ्या ट्रकमध्ये चढल्या होत्या. आता चालून बघायलाही काही उरलं नव्हतं. उरली ती डिस्क.

आमच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करणारा एक आहे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने दाजींना सांगितलं, "काका, तुमच्या डिस्कमध्ये आवाज सहा वाटांनी भरलेला असतो. तीन पुढच्या, दोन मागच्या, एक नुसत्या ढम्म आवाजाची. प्लेअर सगळं एकत्र वाजवतो. डिस्क कॉम्प्युटरवर फायली करून उतरवली तर एकेक वाट सुटी ऐकता येते."

"म्हणजे कुरकुर कुठून आली ते कळेल?"

"कळायला हवं."

दाजी तडक घरी आले आणि मुलीने टाकून दिलेला कॉम्प्युटर पुसायला घेतला.

ते शिकले कसे, हे मी पाहिलं आहे. सुतार नवं हत्यार शिकतो तसे. आधी टाकाऊ तुकड्यावर, मग कामावर. आपली डिस्क बाजूला ठेवली आणि जमवलेल्या सगळ्या एकामागून एक कॉम्प्युटरच्या खणात घालू लागले. रोज सकाळी न्याहारी झाली की बसायचे. प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून तपासायचे. अर्धवट काम त्यांना येतच नाही. ढीग संपला तेव्हा डॉक्टरला बोलावलं, कौतुक व्हावं म्हणून.

डॉक्टरने फायली बघितल्या आणि डोकं खाजवलं. "काका, यात दोनच वाटा आहेत."

"सहा म्हणाला होतास."

"डिस्कला दोन थर असतात. एक साध्या सीडीचा. दुसरा बारीक, दाट, तुम्हाला हवा तो. कॉम्प्युटरला तो दुसरा दिसतच नाही. तुम्ही सगळीकडून साधाच थर उतरवलात."

मी म्हटलं, "वाहवा. सगळी मेहनत पाण्यात."

दाजी म्हणाले, "वरचं पातळ व्हिनियर सोलून आणलं आणि लाकूड तिथेच ठेवलं." आणि सगळ्या फायली पुसून टाकल्या. ठेवायला काय हरकत होती? पण नाही. चुकलेला जोड ते दुरुस्त करत नाहीत, तोडतात.

दाट थर वाचायला एका ठरावीक जातीचा जुना प्लेअर लागतो, तोही मुळात सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कसाठी निघालेला. डॉक्टरने भंगारातून एक शोधून दिला. त्याची रीत अशी. पेन ड्राइव्हवर एक छोटी आज्ञा लिहून तो प्लेअरच्या पुढे खोचायचा. मागून नेटची वायर कॉम्प्युटरकडे न्यायची. चालू करायचं आणि हात लावायचा नाही. खण आपणहून बाहेर आला तर आज्ञा पोचली. मग त्यात डिस्क ठेवायची आणि कॉम्प्युटरकडून आतलं सगळं ओढून घ्यायचं.

खण बाहेर येईना. दाजींनी पेन ड्राइव्ह पुसला, पुन्हा लिहिला. आतून घर्र घर्र यायचं आणि थांबायचं.

"आज्ञा पोचते," मी म्हटलं. "पाय उचलत नाहीत. उघडा."

उघडला. खण ओढणारा रबरी पट्टा सैल पडला होता. माझ्या डब्यात नळाच्या रबरी रिंगा असतात. मापाची एक निवडली, चढवली. चालू केला. खण झोकात बाहेर आला.

"शेवटी लोखंडवाल्याचाच हात लागला," मी म्हटलं.

"लोखंड कुठे? रबर आहे."

"अहो, उपकार माना," ताई आतून म्हणाली. "जीभ झिजत नाही."

पुन्हा सगळ्या डिस्क झाल्या. पुन्हा एकेक फाइल ऐकली गेली. आता मागचे दोन स्पीकरही जोडले होते. दाजी खुर्ची मधोमध ठेवून बसायचे. एक डिस्क मात्र कपाटातच. आज वायर नीट नाही, आज कॉम्प्युटर तापला आहे, आज रस्त्यावर आवाज फार आहे.

ताईने एक दिवस सुनावलं. "नुसता अभ्यासच चाललाय. परीक्षेला बसायचं की नाही?"

"घाई कसली आहे?"

"घाई मला आहे. अर्धी बैठकीची खोली वायरींनी खाल्ली."

मी गंमत म्हणून हसलो. पण दाजींचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. त्यांना भीती वाटत होती. इतकी वर्षं अर्धा संशय होता. अर्ध्या संशयाबरोबर माणूस राहू शकतो. फळीच निघाली असती तर त्यांनी केलेली सगळ्यात चांगली वस्तू खोटी ठरली असती. बरं, ती आता दुरुस्तही करता आली नसती.

एका रविवारी मी तिथेच होतो. दाजी हात धुवायला गेले. खण उघडाच होता. ताईने कपाटातून ती डिस्क काढली, पदराने पुसली, खणात ठेवली आणि ढकलली. दाजी टॉवेल घेऊन दारात उभे.

"काय केलंस?"

"डिस्क लावली. तुमच्यानं होत नव्हतं."

ते रागावतील असं मला वाटलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मेव्हण्या, सुरू कर. माझे हात ओले आहेत." हात कोरडे होते.

फायली तयार झाल्या. सहा. तिसरा भाग, तो हळू होण्याचा क्षण. आधी पुढची मधली वाट लावली. चौघांचं वादन, आणि लांबून पुसटशी कुर्र. पुढची डावी, पुसट. पुढची उजवी, त्याहून पुसट. दाजी पुढे झुकले. फळीवरचा आवाज पुढे मोठा यायला हवा. ढम्मवाल्या वाटेत काहीच नव्हतं. मागची उजवी, जेमतेम.

मागची डावी लावली. कुर्र!

मांजर उठून पळालं. इतका मोठा.

"मागे?" दाजी म्हणाले. "मागे कसा?"

त्यांनी सहाही वाटांच्या रेघा स्क्रीनवर एकाखाली एक मांडल्या. मग उठून हत्यारांच्या पेटीतून गुण्या आणला. सुतार काटकोन बघतो तो. स्क्रीनच्या खालच्या कडेला लावला आणि मागच्या डाव्या रेघेवर कुरकुर जिथे उठते तिथे त्याचं पातं उभं धरलं. बाकीच्या रेघांवरची कुरकुर पात्याच्या उजवीकडे पडली. म्हणजे नंतर. आवाज आधी मागे झाला आणि मग पुढे पोचला.

"मागचा डावा माइक दाराशी होता," ते म्हणाले. "मी बघितला होता. तिथे खाली फरशी होती. फळी नव्हती. मेव्हण्या, तिथे फळीच नव्हती!"

"मग काय वाजलं?"

"मला काय माहीत? दार नसेल. बिजागऱ्या मीच बसवल्या होत्या."

"तोच तुकडा परत लावा," ताई म्हणाली. तिने निम्मं आयुष्य चामड्याच्या बॅगा शिवण्यात घालवलं. लावला. ती डोळे बारीक करून ऐकत होती. "ही कुरकुर नाही. करकर आहे. लाकूड कुरकुरतं. चामडं करकरतं."

दाजींनी तुकडा पुन्हा लावला. करकरच होती.

"अहो," ताईने विचारलं, "तुम्ही कुठे उभे होतात?"

"दाराशी."

"कुठल्या दाराशी?"

"डाव्या."

"आणि पायात काय होतं?"

दाजींनी पायांकडे बघितलं, जणू त्या दिवशीचे बूट अजून पायातच असावेत. नवे करकरीत बूट. ताईनेच घ्यायला लावले होते. मोठ्या लोकांत जायचं, चपला घालून कसं चालेल? ते बूट एवढे चावले होते की दाजी सगळा कार्यक्रम एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. हे त्यांनी तेव्हाच घरी येऊन सांगितलं होतं. आम्ही सगळे हसलोही होतो. पण हे आणि ते कोणी जोडून पाहिलं नाही.

ताईला हसू आवरेना. ती भिंतीला टेकून खाली बसली. "सगळं गाव तपासलंत," ती म्हणाली, "आणि चोर घरात!"

"बूट तू घ्यायला लावलेस."

"मी घ्यायला लावले. नाचायला नव्हतं सांगितलं."

दाजी हसले नाहीत. त्यांनी गुण्या पुसला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली. मग म्हणाले, "करकरू दे. माणूस करकरला तर चालतो." जरा थांबले. "जमीन गप्प होती. शेवटपर्यंत गप्प होती." डोळे पुसायला त्यांनी टॉवेल घेतला आणि त्याच टॉवेलने उगाच स्क्रीन पुसला.

मग त्यांनी सगळा कार्यक्रम सुरुवातीपासून लावला. त्या संध्याकाळीही ते जमीनच ऐकत होते, वादन म्हणून तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. तिसऱ्या भागात ते चौघे हळू होत गेले. खोलीत मागच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज आला, आणि ताई हळूच म्हणाली, "हे बघा. आलात तुम्ही."

पुढच्याच आठवड्यात दाजी माझ्याकडे आले. दार उघडून मिटून बघितलं नाही. सरळ वरच्या खोलीत गेले आणि खिशातून टेप काढली. "हे टोक धर," म्हणाले. "वासे जवळ जवळ टाकू. उचलायला तू लागशील. माझी कंबर आता एवढं वजन घेत नाही."

लागलो. लाकूड जड असतं हे मी आता मान्य करतो, त्यांच्यासमोर नाही. फळ्या त्यांनी ठोकून, ऐकून घेतल्या. वखारीत आता जुन्या मालकाचा मुलगा बसतो. त्याला वाटलं, म्हातारा नुसता बघायला आलाय. तिसऱ्या फेरीला तोही शटरकडे बघू लागला.

जमीन झाली त्या दिवशी ताईला बोलावलं. ती चालून आली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आवाज नाही. मग मी आत जायला निघालो. बाजारातून तसाच आलो होतो. उंबऱ्यापाशी दाजींनी हात आडवा घातला.

"मेव्हण्या, आधी बूट बाहेर."