बुडावरचे ओरखडे

अक्काच्या तेराव्याला बार्शीला गेले, तेव्हा भाचीनं जुन्या टॉवेलात गुंडाळलेली फुलदाणी माझ्या हातात दिली. "आईनं बजावून सांगितलंय, ही मावशीची." सोलापूरपर्यंत एसटीत ती मांडीवर धरून बसले होते. डोळ्यांत पाणी होतं, हे खरं. पण फुलदाणी हाताला हलकी लागतेय, हेही मनात आलंच. जाता जातासुद्धा हिनं मला फसवलं की काय, असं वाटलं. माझा स्वभावच तसला.

आमचे आबा मिलमध्ये फिटर होते. कुणा साहेबाचा बंगला रिकामा झाला, तेव्हा त्यातली ही फुलदाणी त्यांना मंगळवार बाजारात पोत्यावर मांडलेली दिसली. आत गडद लाल, वरून जाड स्वच्छ काच. विलायती आहे, तोंडानं फुंकून केलेली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आबा गेले आणि अक्कानं ती न विचारता उचलली. मी पाहुण्यांसमोर तिला झाडलं, "त्यांचं हगणंमुतणं मी काढायचं आणि फुलदाणी तू न्यायची?" ती "देते गं" म्हणाली. पुढं प्रत्येक फोनला तेच, देते, देते. एक दिवस माझं टाळकं सरकलं. "फुलदाणी घेऊन येणार असलीस तरच माझ्या दारात ये," म्हणाले आणि फोन आपटला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही.

भवानी पेठेत आमच्या घरामागं जुन्या हंड्या-झुंबरं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांना काचेतलं कळतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी गेले. त्यांनी फुलदाणी उन्हात धरली आणि नखानं बाजूची बारीक उभी रेघ दाखवली.

"ही साच्याची जोड हाय बाई. फुंकलेल्या काचेला अशी रेघ नसती. माल नवा हाय." मग पालथी घातली आणि त्यांना हसूच आलं. "वापरून घासलं की ओरखडे वाट्टंल तिकडं जातेत. हे बघा, समदे एकाच बाजूला. जुनी दिसावी म्हणून कुणीतरी दगडावर घासलीया. लई मेहनत घेतली की."

म्हणजे मला वाटत होतं तेच! भर रस्त्यातून भाचीला फोन लावला. आवाज चढलेलाच होता. "तुझ्या आईनं ही कुठून आणली?"

"कुठून म्हणजे? आजोबांचीच ना ती?" बिचारी गोंधळली. "मधे बरीच वर्षं दिसत नव्हती, पेटीत ठेवलीय म्हणायची. मग गेल्या वर्षी काढली आणि रोज दुपारी न्हाणीतल्या फरशीवर बूड घासत बसायची. गुडघे दुखायचे तरी. विचारलं, तर म्हणे डाग पडलाय, मावशीला चालायचा नाही. दोनदा तुझ्याकडे यायला स्टँडवर गेली आणि परत आली. म्हणाली, अजून नीट निघाला नाही."

मी तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले. आबांची फुलदाणी अक्काकडून कधीच फुटली होती. मग तसलीच दुसरी मिळेपर्यंत ती कुठं कुठं शोधत फिरली असेल, देव जाणे. 'फुटली गं' एवढं तिला मला सांगता आलं नाही. सख्ख्या बहिणीला माझी इतकी भीती वाटावी? मला माझीच लाज वाटली, आणि अक्का हवी होती, आत्ता, समोर, गुडघे चोळत बसलेली.

"मावशी, आहेस ना? निघालाय ना गं डाग?"

"निघाला," मी म्हटलं. "आबांनी आणली होती तश्शी दिसते."